काळवंडलेला चित्रबलाक: उडत्या पक्ष्याचा फसलेला फोटो कसा सावरावा

प्रश्न थोडक्यात असा: भिगवणला, उजनी धरणाच्या बॅकवॉटरमध्ये, सकाळी साडेआठच्या सुमारास होडीतून उडत्या चित्रबलाकाचा (पेंटेड स्टॉर्क) फोटो काढला. कॅमेरा २४ मेगापिक्सेल, क्रॉप सेन्सरचा. लेन्स १५०-६०० मिलिमीटरची, पूर्ण ६०० वर. १/२००० सेकंद, एफ/६.३, आयएसओ ८००. सूर्य पक्ष्याच्या मागे होता. आकाश पांढुरकं आलं आणि पक्षी काळपट. पाण्याची रेघ तिरकी आहे, पक्षी फ्रेमच्या मानाने लहान आहे. शॅडोज उचलल्या, म्हणजे एडिटिंगमध्ये गडद भाग उजळवले, की दाणे (नॉइज) दिसतात आणि पंखांभोवती पांढरी कड उमटते. रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही फाइल आहेत. हा फोटो वाचेल का?

वाचेल, पण एकच स्लायडर ओढून नाही. तुमच्या फ्रेममध्ये दोन वेगळे फोटो आहेत असं समजा. एक आकाशाचा, तो जवळपास बरोबर आहे. दुसरा पक्ष्याचा, तो साधारण दीड ते पावणेदोन स्टॉप अंधारा आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). फ्रेमभर पसरलेलं उजळ आकाश कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरने मधल्या करड्या छटेकडे ओढलं आणि पक्षीही त्यासोबत खाली गेला. त्यामुळे दुरुस्तीही दोघांची वेगळी करायची. आणि प्रत्येक पायरीला एकच गोष्ट बघायची: पिसं. पिसांची वीण दिसते आहे तोवर पुढे जा. ती मेणासारखी गुळगुळीत दिसायला लागली की एक पाऊल मागे या.

काहीही करण्याआधी फोटो १०० टक्क्यांवर उघडा आणि डोक्यापाशी जा. चित्रबलाकाच्या तोंडाची उघडी नारिंगी कातडी जिथे संपते आणि मानेची पांढरी पिसं सुरू होतात, ती सीमारेषा बघा. ती रेघ आणि डोळा स्वच्छ असेल तर फोकस बरोबर आहे आणि पुढची मेहनत सार्थकी लागेल. डोकं सॉफ्ट आणि मागचं पंखाचं टोक शार्प असेल तर फोकस चुकला आहे. तो कुठल्याही सॉफ्टवेअरने खऱ्या अर्थाने परत येत नाही. सगळाच पक्षी एकाच दिशेला ओढल्यासारखा दिसत असेल तर कॅमेरा हलला. होडीत हे नेहमी होतं, १/२००० लाही, कारण ६०० मिलिमीटरवर छोटासा झोलही मोठा दिसतो. फक्त पंखांची टोकं धूसर असतील तर तो दोष नव्हेच, पंख हलत होते एवढंच. त्याला हात लावू नका. चौथा प्रकार उन्हं चढल्यावर भेटतो: पाण्यावरून उठणाऱ्या गरम हवेने सगळे तपशील वितळल्यासारखे दिसतात. तसा फोटो सरळ बाजूला ठेवावा.

काम रॉ फाइलवरच करायचं. आठ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटच्या रॉमध्ये १६,३८४. त्या पायऱ्याही सारख्या वाटलेल्या नसतात. सर्वांत उजळ स्टॉपला ८,१९२, त्याखालच्याला ४,०९६, मग २,०४८, असं करत सहाव्या स्टॉपपर्यंत जेमतेम २५६ उरतात. तुमच्या पक्ष्याचे काळे पंख तिथेच कुठेतरी आहेत. जेपेगमध्ये याच भागात कॅमेऱ्याने आधीच नॉइज पुसलेला असतो, रंग पक्के केलेले असतात आणि दाबून साठवताना चौकोनी ठिगळं पडलेली असतात. शॅडोज उचलल्या की ती ठिगळंच वर येतात.

स्क्रीनचा ब्राइटनेस आत्ताच कमी करा. लॅपटॉप पूर्ण उजेडावर ठेवून एडिट केलेला फोटो दुसरीकडे नेहमी अंधारा दिसतो. साधारण १०० ते १२० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं एकक) पुरेसे आहेत. मोजायचं साधन नसेल तर खोलीतला पांढरा कागद आणि स्क्रीनवरचं कोरं पान सारखंच उजळ दिसेल इतपत ठेवा. फोन किंवा लॅपटॉपच्या स्क्रीनवरचा रात्रीचा पिवळसर फिल्टर बंद. उशिरापर्यंत बसून केलेल्या कितीतरी एडिटमध्ये पक्षी निळा पडतो, त्यामागे हाच फिल्टर असतो.

पुढची नावं आणि आकडे लाइटरूम क्लासिकचे आहेत, कारण बहुतेकांकडे तेच असतं. फुकटच्या सॉफ्टवेअरचं शेवटी सांगतो.

लेन्स प्रोफाइल (लेन्सचे ठरावीक दोष आपोआप दुरुस्त करणारी सोय) लावा, पाण्याची रेघ किंवा पलीकडचा काठ धरून फ्रेम सरळ करा. इथे एक सवलत आहे: क्रॉपमध्ये पाणी राहणारच नसेल तर सरळ करण्याच्या नादात पक्ष्याचा कल बदलू नका. गिरकी घेणारा पक्षी कललेलाच असतो.

आता व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल अशी रंगाची दुरुस्ती. पोटाच्या पांढऱ्या पिसांवर ड्रॉपर टेकवायचा मोह होतो, पण फसगत तिथेच होते. ते पोट सावलीत आहे. त्यावर पडलेला उजेड निळ्या आकाशाचा आणि पाण्यावरून परतलेला आहे. तिथे क्लिक केलं की पोट पांढरं होतं आणि आकाश हळदीसारखं पिवळं. मानेच्या वरच्या उजळ कडेवर क्लिक केलं तर आणखी वाईट, कारण तिथे एखादा रंग आधीच जळलेला असू शकतो आणि ड्रॉपरला खोटं माप मिळतं. म्हणून आकाश नजरेने बरोबर दिसेल असं तापमान ठेवा, अशा सकाळी ते साधारण ५,२०० ते ५,६०० केल्विनमध्ये बसतं, आणि पक्ष्याची दुरुस्ती पुढे मास्कमध्ये, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून, करा. हिस्टोग्रामखाली (उजेडाचा आलेख) आरजीबीचे, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्याचे, टक्के दिसतात ते वाचायची सवय लावा. शेवटी पोटाच्या पांढऱ्यावर तिन्ही आकडे ७० ते ८० च्या दरम्यान आणि निळा बाकीच्यांपेक्षा एक-दोनने जास्त असेल तर उत्तम. तेवढा निळा सावलीचा खरा रंग आहे, तो राहू द्या.

पूर्ण फोटोचं एक्स्पोजर +०.३ ते +०.४, त्याहून जास्त नाही. हायलाइट्स -३० च्या आसपास. आकाशात ढग नसताना हायलाइट्स -१०० केले की पांढुरकं आकाश राखेसारखं करडं होतं, आणि सकाळ निघून जाते. ऑल्ट दाबून व्हाइट्सचा स्लायडर हलवला की काळ्या पडद्यावर जळालेले भाग दिसतात. मानेच्या आणि पाठीच्या कडेवर एक-दोन ठिपके चालतील, लांब पट्टा चालणार नाही. पूर्ण फोटोचा शॅडोज स्लायडर मात्र शून्यावर ठेवा. तुमच्या पांढऱ्या कडेचं पहिलं कारण हा स्लायडरच आहे. तो प्रत्येक पिक्सेल एकटा बघत नाही, आजूबाजूचा भाग बघून ठरवतो काय उचलायचं ते. गडद पंख आणि उजळ आकाश एकमेकांना चिकटून असले की काठावर त्याचा अंदाज गडबडतो आणि पंखाभोवती उजळ वलय येतं. +८० वर ते दिसणारच.

मास्क करण्याआधी डीनॉइज, म्हणजे दाणे पुसणं, उरका. दाणे का येतात ते समजून घेतलं तर किती पुसायचे तेही कळतं. अंधाऱ्या भागात सेन्सरवर प्रकाशच कमी पडलेला असतो. एडिटिंगमध्ये उजेड वाढवला की त्या तुटपुंज्या प्रकाशासोबत त्यातला चढउतारही वाढतो. आयएसओ ८०० चा पक्षी १.७ स्टॉप उचलला तर दाण्यांच्या दृष्टीने तो आयएसओ २,६०० च्या आसपासचा झाला. वर क्रॉप केल्यावर तेच दाणे मोठे होऊन समोर येतात. एआय डीनॉइज मूळ ५० वर उघडतं. पक्ष्यांसाठी ३० ते ४० पुरे. परीक्षेची जागा सांगतो: चित्रबलाकाच्या छातीवर काळा पट्टा असतो आणि त्यावर पांढऱ्या कडांची खवल्यांसारखी नक्षी. डीनॉइजच्या आधी आणि नंतर तो पट्टा २०० टक्क्यांवर बघा. खवले एकमेकांत मिसळायला लागले तर आकडा दहाने कमी करा. आकाशात थोडे दाणे राहिले तरी बिघडत नाही, तिथे नंतर वेगळं पुसता येतं.

आता मास्क. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

सिलेक्ट सब्जेक्ट करा, ओ दाबून लाल थर दाखवा आणि पक्ष्याच्या कडेने २०० टक्क्यांवर पूर्ण फेरी मारा. चित्रबलाक मान आणि पाय दोन्ही ताणून उडतो, त्यामुळे मागे लांबलेले बारीक पाय आणि चोचीचं किंचित खाली वळलेलं टोक मास्कमधून हमखास सुटतं. ते ॲड करून ब्रशने भरा. ब्रश पायाच्या जाडीएवढा, फेदर (कडेचा मऊपणा) १५-२०, फ्लो (ब्रशचा जोर) १००. दुसरी चूक उलटी असते: पंखाच्या टोकाला बोटांसारखी फाकलेली पिसं असतात, आणि त्यांच्या फटीतलं आकाशही मास्कमध्ये आलेलं असतं. पक्षी उजळला की त्या फटी पांढऱ्याफटक होतात. कडेचं दुसरं कारण हे.

फटी एकेक करून ब्रशने पुसू नका. मास्कमध्ये सबट्रॅक्ट घ्या, त्यात ल्युमिनन्स रेंज निवडा आणि पक्ष्याच्या अगदी जवळच्या आकाशावर क्लिक करा. तेवढ्या उजेडाचं जे काही असेल ते मास्कमधून वजा होतं: फटीतलं आकाश, पंखाच्या कडेबाहेर सांडलेला मास्क, सगळं. सोबत मानेची आणि पाठीची सूर्याने उजळलेली कडही वजा होते, आणि आपल्याला तेच हवं असतं. ती कड आधीच पुरेशी उजळ आहे. तिला आणखी उजेड दिला तर ती जळते. रेंजच्या टोकाचा उतार मात्र थोडा लांब ठेवा, नाहीतर उजळ कड आणि सावलीतलं पोट यांच्यामध्ये कापल्यासारखी रेघ दिसते.

या मास्कमध्ये एक्स्पोजर +१.० पासून सुरुवात करा, शॅडोज +३०, ब्लॅक्स -८, तापमान +५, टेक्स्चर +१५. क्लॅरिटी शून्य. क्लॅरिटी आणि डीहेझ मोठ्या परिसरातला कॉन्ट्रास्ट वाढवतात, आणि उजळ आकाशापुढच्या पक्ष्याला त्यातून पुन्हा तीच कड मिळते. पिसांचा पोत टेक्स्चरने येतो, तोही २५ पर्यंतच. त्यापुढे पांढऱ्या पिसांवर वाळू टाकल्यासारखं दिसतं.

किती उजळवायचं? पक्ष्याचे काळे पंख काळेच राहिले पाहिजेत. ते करडे दिसायला लागले की उजेड जास्त झाला. दुसरी खूण अशी की सूर्याकडे तोंड करून काढलेल्या फोटोत पक्षी आकाशापेक्षा थोडा गडद असणं स्वाभाविक आहे. लोक तो आकाशाइतका उजळ करतात आणि मग फोटो कापून चिकटवलेला वाटतो, कुठे बिनसलं ते बघणाऱ्याला सांगताही येत नाही. माझ्या मते अशा फोटोत पूर्ण दुरुस्ती करूच नये. पाऊण करावी आणि सकाळची तिरीप तशीच दिसू द्यावी.

उचललेल्या काळ्यात जांभळट झाक आली असेल तर मास्कमधला टिंट -३ ते -५ करा. मात्र चित्रबलाकाच्या काळ्या उड्डाणपिसांवर मुळातच हिरवट चकाकी असते. ती हिरवी झाक दोष समजून पुसली जाते, आणि खरी जांभळी राहून जाते. नेमकं कुठलं काय आहे ते पोटाच्या पांढऱ्यावरून ठरवा: पांढऱ्यातही जांभळं दिसत असेल तर तो दोष.

रंगाच्या बाबतीत हात आखडता ठेवा. शेपटीजवळच्या पिसांचा गुलाबी रंग हे या पक्ष्याचं वैभव आहे, आणि सॅच्युरेशन वाढवायचा मोह त्याच्यामुळेच होतो. ते वाढवलं की सगळ्यात आधी डोक्याची नारिंगी कातडी फुटते, कारण तिथला लाल रंग आधीच काठावर असतो. सुरकुत्या आणि छटा जाऊन रंगाचा एक सपाट डाग उरतो. मास्कमध्ये सॅच्युरेशन +५, आणि गुलाबी पिसांवर छोट्या ब्रशने आणखी +८, एवढं बस. ओळखीच्या दृष्टीनेही जपावं लागतं. चित्रबलाकाची पिल्लं तपकिरी-करडी, फिकी असतात. अंगावरचा तपकिरीपणा हा वयाचा पुरावा आहे. तो घाण समजून पांढरा केला तर फोटो वेगळंच वय सांगायला लागतो.

डोळ्यासाठी छोटा ब्रश, एक्स्पोजर +०.३, कॉन्ट्रास्ट +१०. कॅचलाइट (डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका) नसेल तर नाही. सूर्य मागे असताना डोळ्यात टपोरा पांढरा ठिपका कुठून येणार? रंगवलेला कॅचलाइट जाणकाराला लगेच दिसतो.

पंखाच्या कडेला जांभळी किंवा हिरवी रेघ असेल तर ती लेन्सची आहे. लेन्स करेक्शनमधला डीफ्रिंजचा ड्रॉपर त्या रेघेवर टेकवा. तो गुलाबी पिसांवर परिणाम करतोय का ते तपासा. करत असेल तर रंगाची मर्यादा आवळा.

आकाशात सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके असणारच. हील टूल घेऊन व्हिज्युअलाइज स्पॉट्स सुरू केलं की पांढऱ्या रेघांच्या वर्तुळांसारखे ते उठून दिसतात. फक्त लांबवर उडणारा दुसरा पक्षीही तिथे ठिपक्यासारखाच दिसतो, तेव्हा पुसण्याआधी झूम करून खात्री करा. नंतर सिलेक्ट स्काय करून त्यात नॉइज रिडक्शन +३०, शार्पनेस -३०. आकाश फारच गुळगुळीत झालं तर जेपेग करताना त्यात पट्टे पडतात. तेव्हा पूर्ण फोटोला ग्रेन ५ ते ८ द्या. आधी दाणे पुसून मग दाणे घालणं विचित्र वाटेल, पण ते पट्टे मोडायला दुसरा इतका साधा उपाय नाही.

क्रॉपचं गणित सरळ आहे. तुमची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची. लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली तर ३००० बाय २००० उरतात, म्हणजे ६ मेगापिक्सेल. फोनवर आणि संगणकावर ते भरपूर आहेत. ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) छापलं तर दहा इंच लांबीचा प्रिंट नीट येईल. त्याहून घट्ट कापलं तर पिसांऐवजी दाणेच दिसतील. पक्षी ज्या दिशेने उडतोय तिकडे मागच्यापेक्षा जास्त जागा सोडा, आणि पंखांच्या टोकांना कडेपासून श्वास घेण्यापुरती मोकळीक द्या. पक्षी थोडा लहान राहिला तरी चालतो. पाण्याची एक पट्टी फ्रेममध्ये असेल तर तो कुठे उडतोय हेही कळतं.

शार्पनिंग अगदी शेवटी. अमाउंट ५० ते ६०, रेडियस ०.८, डिटेल २५, आणि मास्किंग ऑल्ट दाबून इतकं वाढवा की आकाश पूर्ण काळं दिसेल आणि फक्त पिसांच्या कडा पांढऱ्या उरतील. ते साधारण ७० ते ८० वर होतं. एआयने शार्प करणारी वेगळी सॉफ्टवेअर वापरणार असाल तर छातीच्या खवल्यांकडे पुन्हा बघा. ती कधी कधी नसलेली पिसं काढून दाखवतात, अगदी सुबक, पण त्या पक्ष्याची नव्हेत.

एक्स्पोर्ट करताना रंगांची पद्धत (कलर स्पेस) एसआरजीबी, लांब बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ८० ते ८५, स्क्रीनसाठी स्टँडर्ड शार्पनिंग. ॲडोबी आरजीबीमध्ये पाठवलेला फोटो बऱ्याच ॲपमध्ये फिका पडतो आणि आपण उगाच एडिटिंगला दोष देतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते पुन्हा दाबून टाकतं.

पैसे न घालता हेच डार्कटेबलमध्ये होतं. तिथे डीनॉइज प्रोफाइल्ड हे मॉड्यूल कॅमेरा आणि आयएसओ ओळखून दाणे कमी करतं, आणि टोन इक्वलायझर गडद भाग उचलतो तोही कडा सांभाळून. त्यातलं मास्क दाखवणारं बटण सुरू करून पंखाची कड स्वच्छ दिसेपर्यंत मास्किंगच्या टॅबमधली सेटिंग जुळवायची. पक्ष्याचा मास्क पाथने हाताने काढावा लागतो, त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण फटींसाठी तिथलाही पॅरामेट्रिक मास्क उजेडावरून आकाश वगळू शकतो. रॉथेरपीही रॉ फाइल उत्तम उघडतं. धूळ पुसायला आणि शेवटच्या हातफिरवणीला गिंप हे फुकटचं सॉफ्टवेअर.

फोटो स्पर्धेला किंवा नोंदीसाठी जाणार असेल तर मूळ रॉ फाइल जपून ठेवा. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरसारख्या स्पर्धा शेवटच्या फेरीत ती मागतात. धूळ काढणं, क्रॉप, उजेड आणि रंगाची माफक दुरुस्ती तिथे चालते. फ्रेममधला दुसरा पक्षी किंवा फांदी काढणं चालत नाही. पायात कडी असेल तर ती कधीच पुसू नका, तिच्यावरून पक्ष्याचा प्रवास कळतो.

आणि पुढच्या वेळी होडीत बसल्याबसल्या, पक्षी दिसण्याआधीच, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) +१.३ वर नेऊन ठेवा. आकाश फारच पांढुरकं असेल तर +१.७. कॅमेऱ्यात जळालेले भाग लुकलुकून दाखवण्याची सोय सुरू करा. आकाश लुकलुकलं तर लुकलुकू द्या, पण मान लुकलुकली की एक तृतीयांश स्टॉप खाली या. चित्रबलाकाच्या पाठोपाठ पाणकावळा आला तरी हीच सेटिंग चालते. पक्षी आकाशातून खाली उतरून गडद पाण्यावरून उडायला लागला की मात्र लगेच शून्यावर किंवा -०.३ वर यावं लागतं, नाहीतर पांढरी पिसं जळतात, आणि जळालेली पिसं रॉमधूनही परत येत नाहीत.